ऑटोमॅटिक गाडी धंद्याला लावली आहे? गिअरबॉक्स बसण्याआधीच्या ७ खुणा आणि महिन्याचं साधं गणित



आपण नेहमी मशीनच्या मेंटेनन्सबद्दल बोलतो. पिठाची गिरणी, शेवयांचं मशीन, पत्रावळीचं मशीन. पण दारात उभी असलेली गाडी हेसुद्धा तुमच्या धंद्याचं मशीनच आहे, आणि बऱ्याचदा सगळ्यात महागडं. केटरिंगवाले, इव्हेंटवाले, प्लॉट दाखवणारे, मशीन दुरुस्तीला गावोगाव फिरणारे, आमच्यासारखे ट्रेनर, आपण सगळे गाडीवरच कमावतो. मागच्या व्हिडिओत ऑटोमॅटिक गाडीबद्दल खूप प्रश्न आले होते. व्हिडिओत वेळ पुरला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

मी मेकॅनिक नाही. पण या विषयात मी स्वतः जवळपास एक लाख चाळीस हजारांची फी भरलेली आहे. ती कशी, ते आधी ऐका.

उमरेड रोडवरची माझी फजिती

मी हुडकेश्वरला राहतो. २०२१ मध्ये मी एक सेकंड हँड ऑटोमॅटिक सेडान घेतली, ६२,००० किलोमीटर चाललेली. आज काटोल, उद्या भंडारा, परवा चंद्रपूर अशी ट्रेनिंगची धावपळ होती. त्यात संध्याकाळी म्हाळगीनगर चौक ते मानेवाडा चौक क्लच दाबून दाबून डावा गुडघा दुखायला लागला होता. ऑटोमॅटिक घेतली आणि सुटलो, असं वाटलं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत ४०-५० च्या स्पीडला गाडी हलकीशी थरथरायला लागली. रस्त्यावर बारीक रंबलर असल्यासारखी. मी म्हटलं, रस्ता खराब असेल. मार्चमध्ये सकाळी गाडी मागे घेताना ‘आर’ टाकला की दोन सेकंद काहीच व्हायचं नाही, मग एकदम धक्का. मी म्हटलं, थंड आहे म्हणून असेल. नागपूरचा मार्च आणि थंड! एप्रिलमध्ये ओव्हरटेक करताना इंजिन ओरडायचं, पण गाडी पळायची नाही. मी म्हटलं, एसीचा लोड असेल.

मे महिन्यात उमरेडला बचत गटाच्या ३५ महिलांचं ट्रेनिंग होतं. विषय होता तिखट-मसाल्याचं पॅकिंग आणि मार्केटिंग. सकाळी नऊला निघालो. पाचगाव सोडून पुढे गेलो, चांपा यायच्या आधी गाडीने मान टाकली. इंजिन चालू, लिव्हर ‘डी’ मध्ये, गाडी जागेवर. बाहेर अंगाची लाही करणारं ऊन.

गटाच्या अध्यक्ष ताईंना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, “सर, मंग बायाईले घरी जा म्हणू का?”

त्या बाया दिवसाची मजुरी बुडवून आल्या होत्या. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यात मी आणखी एक चूक केली. एका पिकअपवाल्या भाऊने दोर बांधून गाडी पाचगावपर्यंत ओढून दिली. भल्या मनाने मदत केली त्याने, पण त्या चार-पाच किलोमीटरमध्ये गिअरबॉक्सचं उरलंसुरलं कामही झालं. का, ते पुढे सांगतो.

गॅरेजमध्ये मिस्त्रीने स्कॅनर लावला, खालून तेल काढलं. तेल काळंकुट्ट. मग म्हणाला, “सर, गाडी चार महिन्यांपासून बोलून राहिली होती. तुम्हीच ऐकलं नाही.”

आता हिशोब बघा:

- गिअरबॉक्सचं काम: १,१४,००० रुपये
- पाचगावहून गॅरेजपर्यंत फ्लॅटबेड ट्रक: ३,५०० रुपये
- १२ दिवस भाड्याची गाडी, रोज १,२०० प्रमाणे: १४,४०० रुपये
- बुडालेली ट्रेनिंगची फी: ८,००० रुपये
- एकूण: १,३९,९०० रुपये

त्या ३५ जणींची मजुरी यात धरलेली नाही. आज तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स क्वचितच एका दिवसात बसतो. तो आधी काही महिने खुणा देतो. त्या खुणा काही हजारांत ऐकल्या तर ठीक, नाहीतर पुढचं बिल लाखात असतं.

पायरी १: तुमच्या गाडीत नेमका कोणता ऑटोमॅटिक आहे?

क्लचचं पेडल नाही म्हणजे सगळ्या गाड्या सारख्या, असं नाही. आपल्याकडे मुख्यतः चार प्रकार चालतात. प्रत्येकात झिजणारी वस्तू वेगळी, म्हणून काळजीही वेगळी.

*एएमटी.* हा आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. फरक इतकाच की क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या पायाऐवजी एक यंत्र करतं. त्याला ॲक्च्युएटर म्हणतात. मारुतीने फेब्रुवारी २०१४ मध्ये सेलेरिओमध्ये हा प्रकार आणला आणि स्वस्तातली ऑटोमॅटिक सामान्य माणसाच्या दारात आली. वॅगन आर, डिझायर, टियागो, पंच, क्विड, ट्रायबर यांच्या ऑटोमॅटिक व्हेरिएंटमध्ये हाच मिळतो. यात झिजते ती क्लच प्लेट, आणि कधी कधी बिघडतो तो ॲक्च्युएटर. क्लच बदलल्यावर स्कॅनर लावून त्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं. ते न करता गाडी दिली तर नव्या क्लचवरही झटके येतात.

*सीव्हीटी.* यात पायऱ्यांसारखे गिअर नसतातच. दोन पुली आणि त्यांच्यामध्ये एक मजबूत स्टीलचा पट्टा. पुली रुंद-अरुंद होतात तसा वेग बदलतो. गिरणीचा पट्टा डोळ्यांसमोर आणा, फक्त इथे पुलीचा आकार चालता चालता बदलतो. १९५८ मध्ये नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने ही पद्धत रबरी पट्ट्यावर मोठ्या प्रमाणात कारमध्ये आणली. आपल्याकडे होंडा सिटी, अमेझ, जुनी बलेनो सीव्हीटी, मॅग्नाइट टर्बो अशा गाड्यांत ती आहे. माझी गाडीही याच जातीची. इथे तेल हाच जीव. तेल जळालं की पट्टा पुलीवर घसरतो आणि पुलीवर ओरखडे पडतात.

*टॉर्क कन्व्हर्टर.* हा सगळ्यात जुना आणि दणकट प्रकार. अमेरिकेत ओल्डस्मोबिलने १९३९ मध्ये पहिला मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला. त्याच घराण्याचा हा वारसा, तेलाच्या माध्यमातून इंजिनची ताकद पुढे देणारा. अर्टिगा, ब्रेझा, इनोव्हा क्रिस्टा यांच्या ऑटोमॅटिकमध्ये हा असतो. नीट तेल मिळालं तर खूप वर्षं साथ देतो.

*ड्युअल क्लच.* डीसीटी, डीसीए, डीएसजी ही याचीच नावं. दोन क्लच असतात, एक गिअर चालू असताना पुढचा तयार असतो. हायवेवर पळायला मजा येते. पण यातल्या कोरड्या क्लचच्या गाड्या मुंगीच्या चालीच्या ट्रॅफिकमध्ये लवकर तापतात.

गाडीच्या नावावरून प्रकार ठरवू नका. २०१८ च्या डिझेल ब्रेझामध्ये एएमटी होती, २०२० च्या पेट्रोल ब्रेझामध्ये टॉर्क कन्व्हर्टर. एक सोपी खूण सांगतो. लिव्हरवर ‘पी’ नसेल तर बहुतेक वेळा ती एएमटी असते. तरी गाडीसोबत आलेलं ओनर्स मॅन्युअल उघडून खात्री करा.

पायरी २: या ७ खुणा पाठ करा

१. *इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही.* ॲक्सिलरेटर दिल्यावर आरपीएमचा काटा वर जातो, पण स्पीड त्या मानाने वाढत नाही. गॅरेजच्या भाषेत गिअरबॉक्स ‘स्लिप’ मारतो आहे. एएमटीमध्ये याचा अर्थ बहुधा क्लच प्लेट संपत आली. बाकीच्या प्रकारांत तेल कमी, तेल जळालेलं किंवा आतली झीज. ही खूण दिसली की लांबचा प्रवास रद्द करा.

२. *‘डी’ किंवा ‘आर’ टाकल्यावर उशीर.* साधारण एका सेकंदात गाडीने गिअर घ्यायला हवा. दोन-तीन सेकंद थांबून मग धक्का बसत असेल, तर आत तेलाचा दाब वेळेवर तयार होत नाही असं समजा.

३. *ठरावीक स्पीडला थरथर.* ४० ते ६० च्या दरम्यान हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी थरथरते आणि जोरात दाबलं की थांबते. ही सुरुवातीची खूण असते आणि याच टप्प्यावर नुसतं तेल बदलून काम भागण्याची शक्यता सर्वात जास्त. मी नेमकी हीच सोडली.

४. *गिअर बदलताना झटका.* एएमटीमध्ये गिअर बदलताना हलकी डुलकी येणं हा तिचा स्वभावच आहे. त्यामुळे तुलना दुसऱ्याच्या गाडीशी करू नका, तुमच्याच गाडीच्या सहा महिन्यांपूर्वीच्या चालीशी करा. आधी नव्हता तो झटका आता आला, तर दखल घ्या.

५. *करपल्याचा वास.* चढावर किंवा जाममध्ये जळक्या कागदासारखा उग्र वास आला तर क्लच तापला आहे. गाडी बाजूला घ्या, थंड होऊ द्या.

६. *गाडीखाली डाग.* रात्री पार्किंगमध्ये जुना पुठ्ठा अंथरून ठेवा. पाणी असेल तर ते एसीचं, चिंता नको. लालसर किंवा तपकिरी तेलकट डाग असेल तर गिअरबॉक्सचं सील गळत असू शकतं. सील तुलनेने स्वस्त असतं. तेल संपून बसलेला गिअरबॉक्स मात्र स्वस्त नसतो.

७. *मीटरवर दिवा किंवा गाडी एकाच गिअरमध्ये अडकणं.* गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर धोका ओळखतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी गाडी हळू चालवतो. याला लिंप मोड म्हणतात. बरेच जण गाडी बंद-चालू करतात, दिवा जातो, आणि विषय संपला असं समजतात. पण कोड कॉम्प्युटरच्या मेमरीत बऱ्याचदा राहतो. स्कॅनर लावून तो वाचून घ्या, आणि वाचण्याआधी कोणालाही तो ‘क्लिअर’ करू देऊ नका.

एक सवय लावून घ्या. मोबाइलमध्ये एक नोट ठेवा. खूण दिसली की तारीख, किलोमीटर, गाडी थंड होती की गरम, किती स्पीड होता, एवढं लिहा. जमलं तर शेजारी बसलेल्याला मीटरचा व्हिडिओ काढायला सांगा. गॅरेजमध्ये “गाडी कशीतरीच करते” म्हणण्यापेक्षा “५० च्या स्पीडला, अर्धा तास चालल्यावर थरथरते” असं सांगितलं तर मिस्त्रीचा वेळ वाचतो आणि तुमचे पैसे वाचतात.

पायरी ३: तेलाला कमी लेखू नका

ऑटोमॅटिकमधलं तेल फक्त वंगण नसतं. तेच दाब तयार करतं, तेच क्लच दाबतं, तेच उष्णता वाहून नेतं. आणि त्याचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. गॅरेजवाल्यांचा जुना आडाखा असा, की तेलाचं तापमान ८० अंशांच्या वर साधारण ११ अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. आता आपला विचार करा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या आसपास, खाली तापलेला सिमेंट रोड, एसी फुल, आणि चौकाचौकात थांबत-थांबत ट्रॅफिक.

बऱ्याच मॅन्युअलमध्ये तेल बदलण्याचे दोन वेगळे तक्ते असतात. एक सामान्य वापराचा, एक कठीण वापराचा. जास्त उष्णता, धूळ, थांबत-थांबत चालणं, ओझं, हे सगळं कठीण वापरात येतं. म्हणजे नागपुरात धंद्याला लावलेल्या गाडीने कठीण वापराचाच तक्ता पाळायचा. साधारणपणे सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टरला ४० ते ६० हजार किलोमीटर हा सुरक्षित टप्पा धरला जातो, पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. एएमटीचं गिअर ऑइलही विसरू नका, तेसुद्धा बदलावं लागतं.

तेलाबद्दल चार गोष्टी लक्षात ठेवा:

- *“लाइफटाइम ऑइल आहे, बदलायची गरज नाही.”* हे ऐकलं की विचारा, लाइफ कोणाची? वॉरंटीची की गाडीची? तुम्हाला गाडी दोन लाख किलोमीटर चालवायची असेल तर तेल बदलावंच लागेल.
- *रंग आणि वास बघा.* बहुतेक चांगलं तेल लालसर आणि पारदर्शक असतं, काही कंपन्यांचं हिरवट किंवा निळसरही असतं. काळं आणि करपल्या वासाचं म्हणजे उशीर झाला. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसलं तर रेडिएटरचं पाणी तेलात मिसळतं आहे. तसं असेल तर गाडी एक किलोमीटरही चालवू नका.
- *तेल चालेल ते नाही, सांगितलं तेच.* सीव्हीटीला सीव्हीटीचंच तेल लागतं. “सगळं सारखंच असतं” म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊन बाहेर पडा. डब्याचा फोटो आणि बिल ठेवा.
- *ड्रेन केलं म्हणजे सगळं निघालं असं नाही.* खालचा बोल्ट उघडला की साधारण एक तृतीयांश ते निम्मंच तेल निघतं, बाकी आत राहतं. म्हणून तेल फार जुनं असेल तर काही मेकॅनिक काही दिवसांच्या अंतराने दोनदा ड्रेन करून भरतात. वर्षानुवर्षं तेल न बदललेल्या गिअरबॉक्सवर मशीनने जोराचा फ्लश मारू देऊ नका, आतली घाण सुटून बारीक वाटांमध्ये अडकू शकते.

पायरी ४: ड्रायव्हरच्या सवयी

गाडी तुम्ही चालवत असाल किंवा पगारी ड्रायव्हर, हे नियम कागदावर लिहून डॅशबोर्डला लावा.

- गाडी पूर्ण थांबल्याशिवाय ‘डी’ वरून ‘आर’ किंवा उलट करू नका. अरुंद गल्लीत वळवताना हीच घाई होते.
- उतारावर पार्क करताना क्रम असा ठेवा: पायाचा ब्रेक, लिव्हर ‘एन’, हँडब्रेक, पायाचा ब्रेक हळूच सोडून बघा, मग ‘पी’. नाहीतर गाडीचं सगळं वजन आतल्या एका छोट्या खुंटीवर येतं.
- एएमटीमध्ये ‘पी’ नसेल तर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे गिअरमध्ये ठेवून बंद करा आणि हँडब्रेक ओढा.
- चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवू नका. ब्रेक वापरा. एएमटी आणि ड्युअल क्लचमध्ये या एका सवयीने क्लच करपतो.
- जाममध्ये इंच-इंच सरकू नका. समोर एका गाडीएवढी जागा होऊ द्या, मग एकदाच पुढे जा. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. क्लचचं बिल ते भरणार नाहीत.
- उतारावर पेट्रोल वाचवायला ‘एन’ टाकू नका. पेट्रोल वाचत नाही, गाडीवरचा ताबा मात्र कमी होतो.
- केटरिंगची भांडी, साउंडचे बॉक्स असा लोड नेताना गाडीची मर्यादा बघा.

आणि आता माझी ती दोराची चूक. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा तेलाचा पंप बंद असतो. दोर बांधून ओढलं की चाकं फिरतात, चाकांबरोबर आतले भाग फिरतात, पण तेल पोहोचत नाही. कोरडं घासणं सुरू होतं. म्हणून ऑटोमॅटिक बंद पडली तर फ्लॅटबेड, म्हणजे पूर्ण गाडी वर चढवणारा ट्रक मागवा. समृद्धी महामार्गाने नेहमी जाणाऱ्यांनी तर इन्शुरन्सच्या रोडसाइड असिस्टन्सचा नंबर फोनमध्ये सेव्ह करूनच निघावं. तिथे दोरवाला भाऊही सहज मिळणार नाही.

पायरी ५: महिन्याचं गणित

आता आपला आवडता भाग. समजा तुमची गाडी महिन्याला १,५०० किलोमीटर चालते.

तेल बदलायला समजा ८,००० रुपये, दर ४०,००० किलोमीटरला. म्हणजे किलोमीटरमागे २० पैसे.

मोठं काम समजा १,२०,००० रुपयांचं, आणि ते दोन लाख किलोमीटरमध्ये एकदा येईल असं धरा. म्हणजे किलोमीटरमागे ६० पैसे.

एकूण ८० पैसे. महिन्याला १,२०० रुपये.

हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गाडीसाठी दोन गॅरेजमधून कोटेशन घ्या आणि तुमचे आकडे टाका. पद्धत तीच राहील. हे १,२०० रुपये वेगळ्या आरडीमध्ये किंवा वेगळ्या खात्यात दर महिन्याच्या ५ तारखेला टाका. नाव द्या ‘गिअरबॉक्स फंड’. घरखर्चाला हात लावायचा नाही.

आणि महत्त्वाचं, हे पैसे तुमच्या रेटमध्ये आले पाहिजेत. उमरेडला जाऊन-येऊन साधारण १०० किलोमीटर. म्हणजे पेट्रोल आणि टोलव्यतिरिक्त ८० रुपये फक्त गिअरबॉक्सचे. तुमच्या मागच्या कोटेशनमध्ये ते होते का? माझ्या कोटेशनमध्ये नव्हते. मी वर्षानुवर्षं प्रत्येक फेरीत थोडं-थोडं नुकसान करत होतो आणि त्याला नफा समजत होतो.

इन्शुरन्स देईल, या भरवशावर राहू नका. नेहमीच्या मोटर पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड धरलेला नसतो. कंपनीची एक्स्टेंडेड वॉरंटी मिळत असेल तर तिच्या अटी वाचा, विशेषतः व्यावसायिक वापराबद्दलची आणि वेळेवर सर्व्हिसिंगबद्दलची अट.

सेकंड हँड ऑटोमॅटिक घेताय? ही टेस्ट करा

१. विकणाऱ्याला आधीच सांगा, “मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.” गरम गाडी दोष लपवते, थंड गाडी काही दोष उघडे पाडते.
२. ब्रेक दाबून ‘एन’, ‘डी’, ‘एन’, ‘आर’ असं हळूहळू करा. उशीर किंवा धक्का आहे का बघा.
३. एसी लावून निदान अर्धा तास चालवा, थोडी गर्दीत, थोडी रिंग रोडवर. ४० ते ६० मध्ये हलक्या पायाने चालवून थरथर तपासा.
४. गरम झाल्यावर दुसरी पायरी पुन्हा करा. काही दोष गरम झाल्यावरच दिसतात.
५. चढावर थांबून पुन्हा उचलून बघा.
६. स्कॅनर लावायला परवानगी मागा. नकार मिळाला तर तेच उत्तर समजा.
७. सर्व्हिस हिस्ट्रीत गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं ते शोधा. नोंद नसेल तर बदललं नाही असंच धरा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करा.
८. नागपुरात गाडी घेत असाल तर आणखी एक. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा खूप गाड्या बुडाल्या होत्या. पाणी गिअरबॉक्समध्येही शिरू शकतं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ आहे का बघा, मॅटखाली हात घाला, इन्शुरन्स क्लेमची माहिती काढा.

मी २०२१ मध्ये यातलं काहीच केलं नव्हतं. गाडी चकचकीत होती, एवढंच बघितलं.

यात धंद्याची संधीही आहे

हुडकेश्वर, बेसा, पिपळा, मानेवाडा, सगळीकडे ऑटोमॅटिक गाड्या वाढताना दिसतात. पण तेल नीट लेव्हलला भरून देणारा, स्कॅनरने कॅलिब्रेशन करणारा आणि बिलावर तेलाचा ग्रेड लिहून देणारा गॅरेजवाला शोधावा लागतो. आयटीआयचा दोन वर्षांचा मेकॅनिक मोटर व्हेइकल ट्रेड केलेल्या मुलांनी याचा विचार जरूर करावा. सुरुवात गिअरबॉक्स उघडण्यापासून करू नका. स्कॅनिंग, तेल बदलणं आणि सेकंड हँड गाडीची तपासणी एवढीच सेवा नीट द्या. मुद्रा कर्जासाठी बँकेत जाण्याआधी जवळच्या दोन-तीन कॉलनींत ऑटोमॅटिक गाड्या किती आहेत ते फिरून मोजा. तोच तुमचा मार्केट सर्व्हे.

आजचा होमवर्क

वाचून सोडून देऊ नका. आज रात्रीपर्यंत तीन कामं करा.

- मॅन्युअल उघडून गिअरबॉक्सचा प्रकार आणि तेलाचा ग्रेड मोबाइलमध्ये लिहा.
- शेवटचं तेल कधी बदललं ते सर्व्हिस बिलात शोधा.
- किलोमीटरमागचा तुमचा आकडा काढा आणि पुढच्या कोटेशनमध्ये टाका.

ते उमरेडचं ट्रेनिंग मी तीन आठवड्यांनी घेतलं, फी न घेता. ३५ पैकी १९ जणी आल्या. बाकीच्यांना पुन्हा एक दिवस मजुरी बुडवणं परवडलं नसावं, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणू शकत नाही.

तुमची गाडी कोणती, किती चालली आणि यातली कोणती खूण दिसते आहे, ते कमेंटमध्ये लिहा. किलोमीटर आणि गाडीचा प्रकार लिहिलात तर नीट उत्तर देता येईल. आणि एखाद्या मित्राने नुकतीच सेकंड हँड ऑटोमॅटिक घेतली असेल, तर हा लेख त्याला आजच पाठवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, हिशोब ठेवून करा!